पावसात ट्रॅकवर फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी: पुढचं घसरणं दिसतं, मागचं दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक, कोरड्या ट्रॅकवर सात-आठ दिवस चालवून झालेत, पुढचा ट्रॅक डे (आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस) नेमका पावसात येतोय, आणि मित्र म्हणतोय की इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, त्यामुळे पावसात हिच्याइतकी सेफ गाडी नाही, बिनधास्त जा. तर जाऊ का, आणि गेलो तर काय वेगळं करू?

जा. नक्की जा, कारण पावसातला एक दिवस कोरड्यातल्या पाच दिवसांएवढं शिकवतो आणि टायर-ब्रेकही कमी झिजतात. पण मित्राचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सरळ रेषेत थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) देताना ही गाडी माफ करते हे बरोबर, मागून ढकलणाऱ्या गाडीसारखी शेपूट बाहेर काढत नाही. मी इतकी वर्षं अशाच गाड्या चालवतोय, शेजारच्या सीटवर बसून लोकांना शिकवतोय, आणि पावसात ज्या गाड्या फिरताना बघितल्या त्यातल्या बहुतेक थ्रॉटल दिल्यामुळे नाही फिरल्या, थ्रॉटल सोडल्यामुळे फिरल्या. हे एक डोक्यात बसलं की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी हे होतं का ते बघू. समज गाडी 1200 किलोची आहे, त्यातलं साधारण 62 टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे मागे उरले साडेचारशेच्या आसपास, दोन चाकांत वाटून. आता तू कॉर्नरच्या मधे आहेस, गाडी जरा बाहेर जातेय असं वाटलं, पाय आपोआप उचलला गेला. एवढ्यानेच मागचं तीस-चाळीस किलो वजन पुढे सरकतं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ज्या टायरवर मुळातच वजन कमी, जो टायर गार आहे आणि ज्याच्याखाली पाणी आहे त्याच्यासाठी तेवढं पुरतं. त्यात वर पुढच्या चाकांवरचं ओढायचं काम त्याच क्षणी संपलं आणि वजन वाढलं, म्हणजे नाक एकदम आत चावतं. नाक आत, बूड बाहेर. कोरड्यात हीच गोष्ट आपण मुद्दाम वापरतो, पाय जरासा उचलून गाडी वळवून घेतो, मजा येते. पावसात तीच गाडी तेवढ्याच पायाला दुप्पट उत्तर देते.

आणि मागची चाकं आधी कळवत नाहीत. पुढची चाकं घसरायला लागली की स्टिअरिंग हलकं होतं, नाक बाहेर जाताना डोळ्याला दिसतं, विचार करायला वेळ मिळतो. मागचं कळतं ते फक्त सीटमधून, कमरेला, आणि बऱ्याचदा कळेपर्यंत गाडी वीस अंश फिरलेली असते.

टायरबद्दल सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकी कसब वगैरे नंतर. फ्रंट-व्हील-ड्राइव्हमधे पुढचे टायर लवकर झिजतात, मग माणूस काय करतो, नवे दोन आणतो आणि पुढे टाकतो, मागे अर्धे झिजलेले तसेच. व्यवहार म्हणून बरोबर वाटतं. मीही केलंय. पुढे कोरे करकरीत, मागे नक्षी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, सकाळचा पहिला सेशन, पाऊस नुकताच थांबलेला. बाहेर पडलो, दुसऱ्याच कॉर्नरला, वेग कसला, तिसऱ्या गिअरमधे जेमतेम सत्तर, नाक काय छान वळलं म्हणून खूश होतोय तोवर मागचं थेट शेजारून पुढे आलं आणि मी ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करून गवतात उभा. वायपर चालू, रेडिओ चालू, आणि मागून येणारे सगळे माझ्याकडे बघत जातायत. पुढच्याला जितकी जास्त ग्रिप तितकं मागचं उघडं पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा पावसात जास्त नक्षीवाले टायर मागे. चारही सारखे असतील तर सगळ्यात उत्तम.

रस्त्याच्या टायरला बऱ्याच देशांत कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी चालते, नव्या टायरला साधारण आठ असते. ट्रॅकवर पाणी साचलं असेल तर माझी स्वतःची रेघ चारवर आहे, त्याच्या खाली मी वेग कमी ठेवतो किंवा सरळ चहा पीत बसतो. सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी नक्षीचे ट्रॅकचे टायर लावून येणार असशील तर ओलसर ट्रॅकवर ते चालून जातात, पण उभ्या पाण्यात साधा चांगला रोड टायर त्यांना लाजवतो. टायरचं पाणी उपसायचं काम किती मोठं असतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो, पिरेलीचा फॉर्म्युला वनचा फुल वेट टायर 300 च्या वेगात सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला फेकतो असं कंपनी सांगते, एक टायर. आपल्या नक्षीला तेवढं जमणार नाही, आणि झिजलेल्या नक्षीला तर काहीच जमत नाही.

आता हवा. "पावसात हवा कमी करा म्हणजे टायर जास्त टेकतो" हा सल्ला तुला दहा जण देतील. ऐकू नकोस. नासामधे वॉल्टर हॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून एक सोपा हिशोब काढला: टायर पूर्ण पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. दाब पीएसआयमधे घे, वर्गमूळ काढ, साधारण साडेसोळाने गुण, किलोमीटरमधे वेग मिळतो. 36 ला जवळपास 100, 28 ला 88. गाडीच्या रुंद नक्षीदार टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण दिशा तीच: हवा कमी केलीस की तरंगणं लवकर. दुसरं म्हणजे कोरड्यात आपण थंड टायरमधे 26-27 ठेवून निघतो कारण गरम झाल्यावर ती 34 ला जाते. पावसात टायर तापतच नाही, दोन-तीन पीएसआय वाढली तर वाढली. म्हणजे कोरड्याच्याच सेटिंगवर गेलास तर दिवसभर मऊ टायरवर फिरशील. मी थंडच 31-32 भरून निघतो, परत आलो की लगेच मोजतो आणि त्यावरून ठरवतो. तुझ्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पण मोजायची सवय तीच.

गाडीत बाकी काय बदलायचं? तुझी गाडी स्टॉक असेल तर काहीच नाही, कंपनीने ती पावसाचा विचार करूनच सेट केलेली असते. मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी दांडी) बसवला असशील तर तो सगळ्यात मऊ भोकावर आण, नाहीतर लिंक सोडून टाक, कारण तो बार कोरड्यात नाक वळवायला मदत करतो ती मागच्या चाकांची ग्रिप चोरूनच. मागे टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली) दिलेला असेल तर तो शून्यावर किंवा किंचित टो-इनवर (टोकं आत) आण. डँपर, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, अ‍ॅडजस्टेबल असतील तर दोन-तीन क्लिक मऊ. बस. पावसात तासभर पाने घेऊन गाडीखाली झोपलेले लोक मी बघितलेत, तेवढ्या वेळात ते दोन सेशन शिकले असते.

एबीएस चालू ठेव. यावर चर्चा नको. ईएससी (गाडी घसरताना आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) पण पहिल्या दिवशी चालू ठेव, आणि डॅशवरचा तो पिवळा दिवा कधी लुकलुकतो ते लक्षात ठेव. प्रत्येक लुकलुक म्हणजे गाडीने तुझी एक चूक झाकली. सेशन संपल्यावर आठवायचं, कुठल्या कॉर्नरला, मी तेव्हा पाय उचलत होतो की दाबत होतो. एका पोराला मी एवढंच काम दिलं होतं, बाकी काही शिकवलं नाही, चार सेशनमधे त्याचा दिवा जवळपास बंद झाला आणि लॅपही आपोआप सुधारले.

आता प्रत्यक्ष चालवायचं. पहिली गोष्ट, कोरडी लाईन, म्हणजे कोरड्यात सगळे ज्या रेषेतून जातात ती, विसर. त्या लाईनवर वर्षानुवर्षांचं रबर बसलेलं असतं, टायरने खडी घासून गुळगुळीत झालेली असते, तेलाचे थेंब तिथेच पडतात, आणि पाणी पडलं की ती काचेसारखी चमकते. चमकतं ते टाळायचं, काळपट-खरखरीत दिसतं तिथून जायचं. म्हणजे बऱ्याच कॉर्नरला कोरड्या लाईनच्या बाहेरून, एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या जागी) कडेच्या रंगीत कर्बला न चिकटता एक गाडीभर लांब राहून. कर्बचा रंग आणि पांढरे पट्टे ओले असताना साबण समज. ब्रेकिंगही लाईनवर नको, अर्धी गाडी बाजूला घेऊन कर. आणि मधे कुठेतरी ती रबरवाली पट्टी ओलांडावीच लागते, तेव्हा स्टिअरिंग शक्य तेवढं सरळ हवं आणि पाय स्थिर. पट्टीवरून जाताना गाडी अर्धा फूट सरकते आणि पलीकडे परत पकडते, पहिल्यांदा पोटात गोळा येतो, नंतर सवय होते. सगळ्या ट्रॅकवर सगळ्या कॉर्नरला बाहेरची लाईन चालतेच असं नाही हां, जिथे डांबर नवं आहे तिथे कधी कधी आतूनच बरं पडतं. शोधत राहायचं. पहिल्या दोन-तीन लॅपमधे मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी ब्रेक मारून बघायचा, एबीएस कुठे लवकर खडखडतं ते पायाला कळतं.

ब्रेकिंगचा हिशोब बघ. ब्रेक मारताना कोरड्यात 0.9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट) मिळतात आणि ओल्यात 0.55 असं धर. 120 वरून थांबायला कोरड्यात साधारण 63 मीटर लागतात, ओल्यात 103. चाळीस मीटरचा फरक. पण कॉर्नरमधला वेग वर्गमुळाने कमी होतो, जो कॉर्नर तू 100 ने घ्यायचास तो 78 ने जातो. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, ब्रेक कोरड्याच्याच जागेच्या आसपास मारतो, घाबरतो, अजून दाबतो, मग कॉर्नरमधे 55 वर येऊन रडत रडत जातो. तू ब्रेक लवकर आणि आरामात घे, आणि कॉर्नरमधे वेग टिकव.

ब्रेक पेडल कोरड्यात आपण एकदम पूर्ण दाबतो आणि मग हळूहळू सोडतो. पावसात दाबताना एक श्वास जास्त घे, वजन पुढे जाऊ दे, मग जोर. आणि सोडताना तर त्याहून हळू. कॉर्नरमधे ब्रेक ओढत नेणं, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, ते पावसात पूर्ण बंद करायची गरज नाही, पण अंगठ्याच्या दाबाएवढंच. ज्यांची शेपूट आत शिरतानाच निघते ते जवळपास सगळे ब्रेक धरून स्टिअरिंग फिरवत असतात, नाहीतर गिअर खाली टाकून क्लच फटकन सोडत असतात. डाउनशिफ्ट वळायच्या आधी सरळ गाडीत उरकून घे. आणि एक गिअर वरचा वापर, दुसऱ्याऐवजी तिसरा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा झटका कमी बसतो आणि दाबल्यावर चाकं फिरकत नाहीत.

लांब सरळ रस्त्यानंतरचा पहिला ब्रेक जपून. डिस्कवर पाण्याचा थर असतो, ट्रॅकचे पॅड थंड असतात, पेडल दाबलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम पकडतं. म्हणून ब्रेकिंगच्या थोडं आधी थ्रॉटलवर असतानाच डाव्या पायाने पेडल नुसतं टेकवायचं, डिस्क पुसून निघते. डाव्या पायाची सवय नसेल तर आधी रिकाम्या जागेत कर, क्लचच्या पायाला मुळात हळू दाबणं माहीतच नसतं, पहिल्यांदा नाक आपटेल. फ्रंट-व्हील-ड्राइव्हवाल्यांची ही जुनी विद्या आहे. 1960 च्या दशकात मिनी आणि साब घेऊन रॅली जिंकणारे फिन आणि स्वीडिश ड्रायव्हर डावा पाय ब्रेकवर आणि उजवा थ्रॉटलवर ठेवूनच बर्फात गाडी वळवायचे. मिनीने 1964, 1965 आणि 1967 मधे माँटे कार्लो रॅली जिंकली, समोर किती ताकदीच्या गाड्या होत्या बघ.

कॉर्नरचा मधला भाग. इथे दोन गोष्टी होऊ शकतात आणि दोन्हींना उत्तर वेगळं.

नाक बाहेर जातंय. हात म्हणतात अजून फिरव. फिरवू नकोस. शेजारी बसून मी हे इतक्या वेळा बघितलंय, माणसाचे हात छातीपाशी एकमेकांत अडकलेत, चाकं पूर्ण वळलेली आणि गाडी शांतपणे सरळ चालली आहे. टायर एका ठराविक कोनापर्यंतच वळवतो, त्यापुढे तो नुसता नांगरासारखा पाणी ढकलतो. स्टिअरिंग दोन बोटं परत सोड, थ्रॉटल किंचित कमी कर, किंचित म्हणजे पेडलखाली अंडं आहे असं समजून, आणि थांब. अर्धा सेकंद. तो अर्धा सेकंद फार लांब वाटतो, पण पकड परत येते. आणि ती येईल तेव्हा चाकं जास्त वळलेली नसावीत, नाहीतर गाडी फटकन आत उडी मारते आणि मागचं सुटतं.

मागचं निघालंय. इथे सगळं अंग ओरडतं की पाय उचल. उचललास की संपलं. नजर जिथे जायचंय तिथे, हातांनी गाडी जिकडे सरकतेय तिकडे थोडं उलटं स्टिअरिंग, आणि थ्रॉटल धर किंवा अजून थोडा दे. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात, मागच्यावर वजन परत येतं. दोराने ओढलेली गाडी जशी आपोआप रांगेत येते तसं. पण धसमुसळा थ्रॉटल नको, पुढची चाकं फिरकायला लागली तर ओढणार कोण? हे वाचून जमत नाही, मोकळ्या ओल्या पटांगणात पन्नास वेळा करून जमतं. फिरलीच पूर्ण, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही खाली आणि गाडी थांबेपर्यंत दाबून धर, म्हणजे ती एका रेषेत सरकते आणि मागून येणाऱ्याला तुझा अंदाज येतो. दोन चाकं ओल्या गवतात गेली तर झटक्याने परत आणू नकोस, सरळ जाऊ दे, वेग पडू दे, मग हळूच ये. गवतातून झटक्याने वर आलेली गाडी ट्रॅक आडवा ओलांडून पलीकडच्या भिंतीत जाते.

कॉर्नरमधून बाहेर पडताना साध्या ओपन डिफरेन्शिअलला (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) आतलं चाक फिरकतं आणि गाडी नुसती गुरगुरते. उपाय एकच, स्टिअरिंग आधी सरळ कर मग पाय दे. म्हणून पावसात लाईन जरा व्हीसारखी करायची, आत जाऊन गाडी लवकर वळवून घ्यायची आणि जास्तीत जास्त सरळ चाकांनी बाहेर पडायचं. प्लेटवालं एलएसडी, म्हणजे एकट्या चाकाला फिरकू न देणारं डिफरेन्शिअल, असेल तर आणखी सावध, ते दोन्ही चाकं एकत्र फिरकवतं आणि मग नाक एकदमच बाहेर. हेलिकल गिअरवालं एलएसडी पावसात जास्त सौम्य वागतं, माझ्या मते तरी.

पाण्यावर तरंगणं या गाडीत ओळखायला सोपं आहे: सरळ चाललेला असताना इंजिनचा आवाज आणि आरपीएम अचानक वर चढतो आणि स्टिअरिंग हवेत असल्यासारखं होतं. काही करू नकोस. ब्रेक नाही, वळवणं नाही, पाय एकदम उचलणंही नाही, हात सरळ धरून निघून जाऊ दे. आणि ती जागा लक्षात ठेव, ओघळ पुढच्या लॅपलाही तिथेच असतो. सरळ रस्त्यावर मागची चाकं पुढच्या चाकांनी पुसलेल्या पट्ट्यातून चालतात म्हणून वाचतात, कॉर्नरमधे मात्र ती थोड्या वेगळ्या रेषेवरून चालतात, त्यांना नवं पाणी लागतं. वळणातलं डबकं म्हणूनच जास्त वाईट.

किरकोळ वाटणाऱ्या पण मला सगळ्यात जास्त त्रास दिलेल्या गोष्टी: बुटाचे ओले तळवे. ब्रेकवरून पाय सटकला की बाकी सगळी विद्या गेली. गाडीत बसायच्या आधी दाराशी एक जुना टॉवेल टाकतो, तळवे पुसूनच पाय आत. काच आतून पुसून घे, बाहेरूनही तेलकट थर काढ, एसी चालू आणि हवा काचेवर, ताकद जराशी कमी झाली तरी चालेल. हेल्मेटचा व्हायजर थोडा उघडा. आणि पुढच्या गाडीच्या फवाऱ्यात घुसू नकोस, तिथे तुला तिचे ब्रेक लाइट दिसत नाहीत. जरा बाजूला राहा, म्हणजे निदान कडेने दिसतं.

पहिल्या सेशनला घाई नको. पहिले तीन-चार लॅप मागचे टायर बर्फासारखे असतात, पुढचे ओढून-वळून थोडे तरी तापतात, मागच्यांना काही कामच नसतं. पाऊस नुकताच सुरू झाला असेल तर तो पहिला अर्धा तास सगळ्यात घातक, धूळ आणि तेल वर येतं. धो धो पडून ट्रॅक धुतला गेला की उलट ग्रिप सुधारते. आणि दुपारी ऊन पडून वाळायला लागला तर सगळं उलटं फिरतं, कोरडी लाईन आधी वाळते आणि तू सकाळपासून वापरलेली बाहेरची लाईन आता ओली राहते. एक चाक कोरड्यावर आणि एक ओल्यावर असताना ब्रेक मारायची वेळ तेव्हाच येते, त्याला जप. आणि तेव्हाच पिटमधे येऊन हवा परत उतरव. सकाळी 32 भरली होतीस ती वाळलेल्या ट्रॅकवर चार लॅपमधे 39-40 ला जाते आणि मग गाडी लाकडी चाकांवर असल्यासारखी सरकते, आणि आपण म्हणत बसतो की ट्रॅक अजून ओला आहे.